कोटाच्या खिशातील मुखपट्ट्या

थंडीचे दिवस जवळ आले म्हणून परवा मी जुना लोकरी कोट उन्हात घालण्यासाठी पेटीतून बाहेर काढला. त्याचा खिसा झटकताना दोन मुखपट्ट्या हाती आल्या. एक निळसर, कागदासारखी दिसणारी, एकदा वापरून टाकून देण्याची; दुसरी कापडी, पुष्कळदा धुतल्यामुळे रंग विटलेली. त्यांच्याकडे पाहता पाहता 2020 सालातील एक लाजिरवाणी सकाळ मला आठवली.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि पुढे तोंड झाकल्यावाचून घराबाहेर पडण्याची सोय उरली नाही. मी निवृत्त होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. औषधांच्या दुकानातून मी निळ्या पट्ट्यांचे खोके आणले. धुणे नको, वाळवणे नको. फिरून आले की पट्टी टोपलीत टाकावी आणि मोकळे व्हावे. ही सोय मला फारच आवडली.

टाळेबंदी सैल झाल्यावर एके संध्याकाळी मी वाईच्या घाटावर बसलो होतो. एकाएकी पट्टीची नाडी तुटली. आसपास टोपली नव्हती आणि पाहणारेही कोणी नव्हते. मी ती पट्टी पायरीच्या फटीत सारली आणि रुमाल तोंडाला लावून घरी आलो. वर्गात कागदाचा कपटा टाकणाऱ्या मुलाला सारे पटांगण झाडायला लावणारा मुख्याध्यापक तो हाच!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घाटावर एक धोबी पक्षी धडपडताना दिसला. पाण्यातून वाहत आलेला काडीकचरा पायरीशी अडकला होता. त्यातल्या एका निळ्या पट्टीची नाडी त्याच्या पायाला गुंडाळली गेली होती. तो उडू पाहत होता आणि पुन्हा पुन्हा दगडावर आपटत होता. कपडे धुणाऱ्या एका बाईने त्याला अलगद पदरात धरले व नाडी सोडवली. पाखरू भुर्रकन उडून गेले. ती पट्टी काडीने बाजूला करीत बाई म्हणाली, “गुरुजी, रोज येत्यात बघा ह्या पाण्यातनं. धुवायच्या कामाच्या न्हाईत, अन् कुजायच्याबी न्हाईत.”

ती पट्टी माझीच होती की नाही, हे मला आजवर कळलेले नाही; परंतु ‘माझी नव्हे’ असे म्हणण्याचा अधिकार मी आदल्या संध्याकाळीच गमावून बसलो होतो.

त्या बाईचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते. ही पट्टी दिसते कागदासारखी; पण ती असते पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकची. खताची पांढरी पोती ज्या पदार्थाची विणतात, तोच हा पदार्थ. ऊन आणि पाणी यांनी तो झिजतो, त्याचे बारीक बारीक तंतू होतात. पण ते मातीत मिसळून माती होत नाहीत. एका पट्टीचे वजन सुमारे 3 ग्रॅम. एवढ्याशा वस्तूने काय होणार, असे आपल्याला वाटते. पण 20,000 वस्तीच्या गावात प्रत्येकाने रोज एक पट्टी टाकली, तर एका दिवसाचा कचरा 60 किलो होतो!

म्हणून निळी पट्टी सर्वस्वी वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. रुग्णाच्या उशाशी रात्रंदिवस उभ्या राहणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना तिचाच आधार होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही जून 2020 मध्ये आरोग्यसेवक, आजारी माणसे आणि साठीच्या पुढची मंडळी यांना वैद्यकीय पट्टी सुचवली होती, तर इतरांना तीन पदरी कापडी पट्टी. मी साठीचा उंबरठा ओलांडलेला. दवाखान्यात जाताना मला निळी पट्टी हवीच होती. पण पहाटे घाटावर एकट्याने फिरताना ती कशाला? त्या वेळी मी गरज भागवीत नव्हतो, आळस पोसत होतो.

घरी येऊन घडलेली हकीकत मी पत्नीला सांगितली. तिने जुने सुती लुगडे काढले. “अहो, तीन पदर घालून शिवते, पण रोज धुवायची तुम्ही,” असे तिने बजावले. ती अट मी पाळली आणि धुता धुता कापडाचेही गणित मला उमगले. कापसालाही पाणी लागते, धुण्याला साबण लागतो. तेव्हा कापडी पट्टीचा मोठेपणा केवळ कापडात नाही. ती पुन्हा पुन्हा वापरण्यात आहे. कपड्यांच्या रंगाशी जुळणाऱ्या वीस पट्ट्या घेऊन त्या दोन-दोनदाच वापरणाऱ्याने काहीच वाचवले नाही.

2022 च्या गुढीपाडव्याला महाराष्ट्रात मुखपट्टीची सक्ती उठली. त्या सकाळची आठवण मात्र माझ्या मनातून उठली नाही.

परवा मी कापडी पट्टी धुऊन दोरीवर वाळत घातली. धुळीच्या दिवसांत ती उपयोगी पडेल. निळीच्या नाड्या कात्रीने कापल्या आणि ती सुक्या कचऱ्याच्या टोपलीत ठेवली. एवढ्याने तिचे आयुष्य संपले, अशी माझी समजूत नाही. ती माझ्यापेक्षा कितीतरी अधिक वर्षे राहणार आहे.