झाड आधी, की तार आधी?

रोह्याजवळच्या आमच्या घरामागे रायवळ आंब्याचं एक झाड होतं. आजी लग्न होऊन आली तेव्हा ते फळाला लागलेलं होतं आणि गावात वीज त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. म्हणजे झाड आधी, तार नंतर. पण मला कळायला लागलं तेव्हा चित्र उलटं दिसायचं. परसदारातून अकरा हजारांची लाईन गेलेली आणि झाड तिच्यापुढे अंग चोरून उभं. घराच्या बाजूला डेरेदार, तारेच्या बाजूला बोडकं.

दर वर्षी पावसाच्या आधी वायरमन यायचे. फीडर बंद करायचा, परमिट घ्यायचं, तारा अर्थ करायच्या आणि मग बांबूला बांधलेल्या कोयत्याने फांद्या पाडायच्या. आम्हा पोरांसाठी ती कैऱ्यांची लूट असायची.

2020 साली मी नोकरीत नवीन होतो. लॉकडाऊन लागलं आणि पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलो. मे महिन्यात वारा सुटला की वीज जायची. कारण साधं होतं. फांदी तारेला टेकली की झाडातून जमिनीत करंट उतरतो, सबस्टेशनमधला रिले ते ओळखतो आणि फीडर ट्रिप होतो. थोड्या वेळाने ऑपरेटर पुन्हा चालू करून बघतो. फांदी अजून टेकलेलीच असेल तर पुन्हा ट्रिप. मग कुणीतरी टॉर्च घेऊन खांबामागून खांब बघत फिरायचं. इकडे मी मीटिंगमधून गायब, आणि मॅनेजरचा मेसेज, "आर यू देअर?"

त्याच दिवसांत मी 2003 सालच्या अमेरिकेतल्या ब्लॅकआऊटबद्दल वाचलं. आमच्या क्षेत्रात तो किस्सा प्रसिद्ध आहे, कारण कंट्रोल रूमच्या सॉफ्टवेअरमधल्या एका बगमुळे अलार्म वाजलेच नव्हते. पण मुळात ओहायोत तीन मोठ्या लाईन एकामागून एक झाडांना टेकल्या होत्या. उन्हाने आणि भाराने तार तापते, लांबते, खाली झोळ येतो. खाली वाढलेली झाडं कुणी छाटली नव्हती. अमेरिका आणि कॅनडातली जवळपास पाच कोटी माणसं अंधारात गेली. ते वाचून मला जोर चढला. मी आंब्याचे फोटो काढले, फांदी जिथे तारेला लागत होती तिथे लाल गोल केला, कधी कधी वीज गेली त्याच्या वेळा लिहिल्या आणि तक्रार केली. तिकीट कसं लिहायचं हे नोकरीत नुकतंच शिकलो होतो. तीनदा फोनही केला.

ते आले. तोंडाला रुमाल बांधलेली तीन माणसं. तारेच्या बाजूची मोठी फांदी त्यांनी मध्येच तोडली. अशी अर्ध्यात तोडलेली फांदी पुढच्या पावसात धुमाऱ्यांचा झुपका काढते. धुमारे सरळ वर जातात, पटापट वाढतात, बुंध्याशी कच्चे असतात आणि लवकरच पुन्हा तारेला भिडतात. फांदी जिथे दुसऱ्या फांदीला किंवा खोडाला मिळते तिथे, तिथली फुगीर कडा राखून कापली तर झाड जखम भरून काढतं आणि वाढ दुसरीकडे वळवता येते. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी बाबा एवढंच म्हणाले, "दादा, घराच्या बाजूचंही जरा हलकं करा. सगळा भार एकीकडे झालाय."

"काका, तारेला लागतं तेवढंच तोडायची आम्हाला परवानगी. तिकडचं तोडलं तर तुम्हीच म्हणाल, आंबा तोडला."

तिकडे आंबे लगडलेले होते. आजी म्हणाली, उतरवून झाले की बघू. मी आत कॉलवर होतो.

3 जूनला निसर्ग आलं. दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त. आम्ही सगळे माजघरात. आजीला नेहमीसारखं पडवीत बसायचं होतं, बाबांनी हाताला धरून आत आणलं. तासाभरात आंबा पडला. तारेवर नाही, घरावर. पडवीची कौलं, वासे आणि आजीची खुर्ची, सगळं एका फांदीखाली गेलं.

त्या दिवशी रायगडात कुणी हात न लावलेली झाडंही पडली. श्रीवर्धनकडे नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यामुळे आमचा आंबा छाटणीमुळेच पडला असं मी सिद्ध करू शकत नाही. कोडमध्ये शेवटचा बदल मागे घेऊन पुन्हा चालवून बघता येतं. इथे नाही. पण माझा लाल गोल मला आठवतो.

आमच्याकडे वीज 17 दिवसांनी आली. त्यात एकदा मी बाईकवरून पेणला मावशीकडे गेलो, लॅपटॉप चार्ज होईल या आशेने. तिथेही अंधार. काकांचा गणपतीचा कारखाना आहे. गणपती 22 ऑगस्टला, आणि रंगाचा कॉम्प्रेसर बंद. काका ब्रशने हात मारत बसले होते. "लाईनखालचं एकूण एक झाड तोडायला पाहिजे," ते म्हणाले. मी आमच्या आंब्याचं सांगणार होतो, पण त्यांच्यामागे मूर्तींच्या पांढऱ्या रांगा होत्या. चहा पिऊन परत आलो.

नंतर विद्युत अधिनियम, 2003 वाचला. कलम 68 सांगतं, तारेला अडथळा करणारं झाड काढायला लावता येतं, मात्र ते तार येण्याआधीपासूनचं असेल तर मालकाला योग्य ती भरपाई द्यायची. झाड आधी की तार आधी, हे कायद्यालाही विचारावंसं वाटलंय. फक्त कायदा झाडाची किंमत धरतो. दर वर्षी एकाच बाजूने कापत राहिल्यावर त्याचा तोल जातो, त्याचं काय, हा प्रश्न कुणाच्याच कामात येत नाही. वायरमनच्या नाही, आमच्याही नाही. अलिबागला भूमिगत केबलचं काम हाती घेतलं गेलं. आवरण असलेली केबल टाकली तरी फांदी टेकल्याने वीज जात नाही. पण वाडीवाडीपर्यंत ते पोचायला पैसा लागतो. तोवर कोयता आहेच.

मागच्या मे महिन्यात शेजारच्या जांभळाची पाळी होती. मी सुट्टीवर होतो. तारेची बाजू झाली आणि वायरमनदादा दोर गुंडाळायला लागले. लाईन चालू व्हायला अजून अर्धा तास होता. बाबांनी आमची शिडी जांभळाच्या दुसऱ्या बाजूला लावली आणि मला म्हणाले, "धर खालून."