यंत्राची कुरकुर

मडके विकत घेताना आपल्या आयाबहिणी ते बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत वाजले तर घ्यावयाचे, बद्द वाजले तर परत ठेवावयाचे, असा त्यांचा साधा न्याय आहे. व्हिएन्नाचे वैद्य लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकून आतील दोष ओळखण्याची जी रीत १७६१ साली प्रसिद्ध केली, तीही याच जातीची होय. डोळ्यांस जे दिसत नाही ते पुष्कळदा कानांस कळते, हे आम्ही वर्गात अनेकवार सांगितले आहे. परंतु सांगणे निराळे आणि स्वतः ऐकणे निराळे, याचा अनुभव आम्हांस २०१९ साली आला. तो विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

त्या वेळी आमच्यापाशी पाच वर्षे वापरलेला एक लॅपटॉप होता. प्रश्नपत्रिका, गुणपत्रके, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे हे सर्व त्याच्या हार्ड डिस्कवर साठविलेले असे. त्यांतच आमच्या ख्रिस्तवासी मातोश्रींनी जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्यांची अकरा ध्वनिमुद्रणे होती. ती आम्ही २०११ साली एका मोबाइलवर घेतली होती, व तो मोबाइल केव्हाच मोडीत निघाला होता.

सहामाही परीक्षेच्या सुमारास वसतिगृहातील इयत्ता नववीचा एक विद्यार्थी सायंकाळी आमच्या लेखनकामात साहाय्य करण्यास येई. एके दिवशी तो म्हणाला, “सर, ह्याचा आवाज पहिल्यासारखा नाही. मधूनच टक् टक् करतो.” आम्ही मान वर न करताच उत्तरलो, “अरे, जुने यंत्र आहे, कुरकुरणारच. तू आपले काम कर.” तो बिचारा गप्प बसला. यंत्र मात्र पुढे तीन आठवडे बोलत राहिले.

अखेर एखादी फाइल उघडण्यास दोन-दोन मिनिटे लागू लागली, तेव्हा आम्ही चौकशीस प्रवृत्त झालो. प्रथम आवाज कोठून येतो हे ठरविणे अवश्य होते. लॅपटॉपमध्ये पंखाही असतो. त्यात धूळ साठली की तोही खरखरतो. परंतु पंख्याचा आवाज सलग असतो व यंत्र तापेल तसा वाढतो. आमच्या यंत्रात आवाज तुटक होता, यंत्र थंड असतानाही येत होता, व फाइल उघडू जाताच हटकून येत होता. डाव्या तळहाताखालच्या भागास कान लावला तेथे तो सर्वांत स्पष्ट ऐकू आला. डिस्क तेथेच होती. पंखा निर्दोष ठरला.

डिस्कच्या आत काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या असतात व त्यांवर चुंबकीय द्रव्याचा पातळ थर दिलेला असतो. आमच्या डिस्कमधील चकत्या मिनिटास ५,४००, म्हणजे सेकंदास ९० फेरे घेत. वाचणारे शीर्ष चकतीस न शिवता, तिच्या वेगाने उत्पन्न होणाऱ्या हवेच्या थरावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. मनुष्याचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे हा कारभार किती नाजूक आहे याची कल्पना येईल.

अशा डिस्कचे आवाज ओळखणे फारसे कठीण नाही. बारीक घूं घूं व वाचताना होणारी मऊ कुरकुर ही निरोगी प्रकृतीची खूण होय. काम थांबल्यावर क्वचित एखादाच हलका टक् ऐकू आला, तर वीज वाचविण्यासाठी शीर्ष बाजूच्या विसाव्यावर जाऊन बसले असे समजावे; त्यात भय नाही. परंतु टक्, टक्, टक् असा सारख्या अंतराने ठोका पडू लागला, तर शीर्षास चकतीवरील मार्गखुणा सापडत नसून ते पुनःपुन्हा मागे येऊन प्रारंभ करीत आहे असा त्याचा अर्थ असतो. जात्यात खडा सापडावा तशी खरखर आली, तर शीर्ष चकतीस घासत असल्याचा संभव असतो. यंत्र तत्क्षणी बंद करावे. आणि चकती न फिरता नुसतीच क्षीण कण्हल्यासारखी पीं पीं येत असेल, तर शीर्ष चकतीस चिकटले आहे, मोटार अडली आहे, अथवा वीजच अपुरी मिळत आहे. नव्या लॅपटॉपांतील एसएसडीत फिरणारा भागच नसतो; म्हणून तो असा ठोका देत नाही, आणि मरताना हाकही मारीत नाही.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदही ठेवीत असते. तिला स्मार्ट म्हणतात. ती उघडून पाहता निकामी ठरवून बदललेल्या कप्प्यांची संख्या २४ निघाली. इतके कळल्यावर शहाण्याने काय करावे? जे अमोल असेल ते तत्काळ दुसरीकडे उतरवून घ्यावे. आम्ही काय केले? निदान पक्के करण्याच्या हौसेने संपूर्ण डिस्क तपासणारी परीक्षा लावून दिली व निजलो. मरणोन्मुख रोग्यास धावावयास लावून त्याची नाडी पाहण्यासारखाच तो प्रकार झाला.

सकाळी यंत्र सुरू होईना. ठोका अखंड पडत होता. कोणी म्हणाले, डिस्क बर्फाच्या कप्प्यात ठेवा. कोणी म्हणाले, उघडून पाहा. आम्ही दोन्ही टाळले, कारण गारठ्याने आत दव धरते, आणि त्या शीर्षापुढे धुळीचा कण म्हणजे डोंगरच. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली. तोच विद्यार्थी शेजारी बसला होता. तो म्हणाला, “सर, आधी ओव्या घ्या. बाकीचे पुन्हा करता येईल.” एक, दोन, तीन, चार मुद्रणे उतरली. पाचव्यास ठोका वाढला, व मग सर्व निःशब्द झाले. स्वच्छ दालनात डिस्क उघडून प्रयत्न करण्याचा खर्च एका जाणकाराने सांगितला. तो आमच्या वेतनास झेपणारा नव्हता.

गुण कागदी नोंदवहीत होतेच. प्रश्नपत्रिका पुन्हा लिहिल्या. उरलेल्या सात मुद्रणांतील ओव्या आठवतील तेवढ्या आम्ही वहीत उतरवून काढल्या. शब्द बहुतेक मिळाले, आवाज गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलास वर्गापुढे उभे करून सांगितले की, याने वेळीच ऐकले आणि आम्ही ऐकले नाही. तो फार लाजला. ज्या चार ओव्या वाचल्या त्या आता तीन ठिकाणी ठेविल्या आहेत, त्यांतील एक जागा आमच्या घराबाहेर आहे. विद्यार्थिमित्रांनो, अनोळखी ठोका ऐकू आला की आधी नक्कल करा, निदान मागाहून करा. आणि कोणी लहानाने तो ऐकल्याचे सांगितले, तर मान वर करून ऐका.