अंगठ्याचं काम

युकुलेलेबद्दल लोकांची एक ठाम समजूत असते, की ते फार सोपं वाद्य आहे. चार तारा, गिटारच्या पोटच्या पोरासारखा आकार, किंमत एका बऱ्यापैकी हॉटेलातल्या जेवणाच्या दोन-तीन पट. एका वीकेंडला आणा, पुढच्या वीकेंडला मित्रांसमोर वाजवा!

आता ही समजूत अगदीच खोटी नाही बरं का. सी कॉर्ड एका बोटाने लागतो. ए मायनरही एकाच बोटाने. एफला दोन बोटं, जी सेव्हनला तीन. या चार कॉर्ड्सवर अर्धं हिंदी सिनेमासंगीत निघतं आणि उरलेलं अर्धं लोक प्रेमाने सहन करतात. उजव्या हाताने वर-खाली, वर-खाली झाडू मारल्यासारखं स्ट्रमिंग करायचं, झालं.

पण मंडळी, हे सगळं स्ट्रमिंगपुरतं. एक-एक तार वेगवेगळ्या बोटाने छेडायची, म्हणजे फिंगरपिकिंग करायचं ठरवलं की हेच बुटकं वाद्य आपल्याला आपली जागा दाखवतं. गेले पाच महिने मी तेच शिकतेय, आणि आज त्याबद्दलच लिहायचंय.

आधी थोडा इतिहास, कारण तो गमतीशीर आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेवेन्सक्रॅग' नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. मदेइरा या पोर्तुगीज बेटावरून हवाईच्या उसाच्या मळ्यांत कामाला आलेली चारशेहून जास्त माणसं त्यात होती. त्यांतले तिघं, मॅन्युएल नुनेस, जोझे दो एस्पिरितु सांतो आणि ऑगुस्तो दियास, लाकूडकाम जाणणारे होते. मदेइरात 'माशेत' नावाचं छोटं तंतुवाद्य असायचं. त्याच्या धर्तीवर यांनी हवाईत वाद्यं बनवायला सुरुवात केली आणि त्यातून युकुलेले घडलं. राजा कालाकाउआने त्याला दरबारात मान दिला. हवाईयन भाषेत 'उकु' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी मारणं, म्हणून 'उडी मारणारी पिसू' असा अर्थ सांगतात. आमच्या बाबांनी नाव ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, "हे कुठले लेले? पुण्याचे की सांगलीचे?"

असो. तर तारा. वाद्य मांडीवर धरलं की आपल्या नाकाकडून जमिनीकडे जी, सी, ई, ए अशा चार तारा येतात. गिटारवाल्यांना इथेच पहिला धक्का बसतो. गिटारवर वरची तार सगळ्यात खर्जातली. युकुलेलेवर सगळ्यात खालचा स्वर दुसऱ्या तारेचा, आणि पहिली जी चांगली उंच, शेवटच्या ए पेक्षा फक्त एका स्वराने खाली. सी ला सा धरा, की चार मोकळ्या तारा म्हणजे प, सा, ग, ध. चारही एकाच सप्तकात!

याचा परिणाम थेट अंगठ्यावर होतो. गिटारवर अंगठा म्हणजे घरचा कर्ता पुरुष. जाड तारा त्याच्याकडे, त्याने दणकून 'धूम' केलं तरी शोभतं. युकुलेलेवर अंगठ्याच्या वाट्याला ती उंच पंचमाची तार येते. तिथे कर्तेपणा दाखवला की प-प-प-प असा पंचमच सगळ्या गाण्यावर बसतो आणि चाल खाली चिरडते. म्हणजे आपल्या हातातलं सगळ्यात जाड, सगळ्यात ताकदवान बोट इथे सगळ्यात हलकं वागायला हवं. अंगठा हे ऐकत नाही. हातात धरणं, दाबणं, उचलणं, स्पेसबार बडवणं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. नाजूकपणाची त्याला सवय नाही.

पद्धत अशी. बोटांना स्पॅनिश आद्याक्षरं आहेत: अंगठा पी, तर्जनी आय, मध्यमा एम, अनामिका ए. एका तारेला एक बोट. करंगळी सुट्टीवर. पी-आय-एम-ए, पी-आय-एम-ए असं सावकाश. डावा हात लावायचाच नाही, मोकळ्या तारांवरच वाजवायचं. मग पी-आय-एम-ए-एम-आय, म्हणजे सहा मात्रा, आपला दादराच. त्यानंतर अमेरिकन गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस (१९१७-१९८३) यांच्या नावाने ओळखलं जाणारं ट्रॅव्हिस पिकिंग. त्यात अंगठा सी आणि जी या दोन तारांवर घड्याळाच्या लंबकासारखा ये-जा करतो आणि मधल्या फटींमध्ये तर्जनी ई वर, मध्यमा ए वर टपकते. केहरव्याच्या आठ मात्रांत हे छान बसतं. अट एकच. बाकीची बोटं काहीही करोत, अंगठ्याने आपली चाल सोडायची नाही.

वाचायला पाच मिनिटं लागली ना? डोक्याला समजायलाही तेवढीच लागतात. बोटांचं मात्र वेगळं असतं. आता हे वाचता वाचता एक करून बघा. तळहात टेबलावर ठेवा, मधलं बोट आत दुमडून त्याचं पेर टेबलाला टेकवा, आणि अनामिका वर उचला. नाही ना उचलत? हाताच्या पाठीवर ही बोटं सरळ करणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, एकमेकींना जोडलेल्या असतात. शेजारीण निघाल्याशिवाय अनामिका घराबाहेर पडत नाही. तिच्याकडून स्वतंत्र काम करून घ्यायला वेळ द्यावा लागतो.

आम्हा आयटीवाल्यांना हा वेळ प्रकार मोठा कठीण जातो. आमच्याकडे एखादी गोष्ट समजली की ती झालीच. लॉजिक डोक्यात आलं, टाइप केलं, रन केलं. हातात आणि डोक्यात अंतर असतं हे मला तरी माहीत नव्हतं.

ते अंतर मला नीट दिसलं ते बाबांमुळे.

गेल्या फेब्रुवारीत बाबांना स्ट्रोक आला. वेळेत दवाखान्यात पोचलो, बोलणं पंधरा दिवसांत बरंचसं सुधारलं, चालणंही काठीने सुरू झालं. उजवा हात मात्र मागे राहिला. मिरजेचं घर बंद करून आई-बाबा माझ्याकडे पुण्याला आले. फिजिओथेरपिस्ट घरी येतात, त्यांनी व्यायाम दिलेत. कणकेचा गोळा मळायचा, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायचे-काढायचे, ताटलीतला राजमा एक-एक करून वाटीत टाकायचा. आणि मुख्य म्हणजे अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला लावायचं. तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी. मग उलट.

पी-आय-एम-ए! फक्त करंगळी जास्तीची.

त्यांनी सांगितलं, की स्ट्रोकमध्ये मेंदूच्या ज्या पेशी गेल्या त्या परत येत नाहीत. पण शाबूत भाग नव्या वाटा पाडू शकतो, आणि त्या वाटा तेच तेच काम पुन्हा पुन्हा केल्यानेच पडतात. बाबांना अंगठा करंगळीला कसा लावायचा हे ठाऊक आहे. हजार वेळा ठाऊक आहे. ते हाताकडे बघतात, कपाळावर घाम येतो, आणि अंगठा अनामिकेपाशीच थांबतो.

एप्रिलमध्ये बँकेत जायची वेळ आली. बाबांची सही जुळेना. तिथला मुलगा खरंच चांगला होता, उठून उभा राहिला, खुर्ची दिली आणि म्हणाला, "काका, काही काळजी करू नका. अंगठा लावा, चालतो." बाबांनी लावला. शाई पुसायला मी रुमाल दिला, तो घेतला नाही. रिक्षात बसल्यावर बऱ्याच वेळाने बोलले, "ठमे, तेहतीस वर्षं हेडक्लार्कच्या टेबलावर शाईचं पॅड पुढे सरकवून मी लोकांचे अंगठे घेतलेत गं."

यावर मी काय बोलणार? काहीच बोलले नाही. पण त्या आठवड्यापासून आम्ही दोघं संध्याकाळी साडेसातला एकत्र बसायला लागलो. ते खुर्चीवर, मी पलंगावर, मध्ये फोनवर मेट्रोनोम. माझा सराव ६० च्या ठोक्यावर चालायचा. बाबांना ६० झेपेना. मग ४० वर आणला, दोघांसाठीही.

आणि इथे मला फिंगरपिकिंगचा खरा धडा मिळाला. तो कुठल्या व्हिडिओत मनावर घेतला नव्हता इतका त्या ४० ने घ्यायला लावला. ६० वर मी ठीक वाजवत होते. ४० वर सगळं उघडं पडतं. दोन ठोक्यांमध्ये दीड सेकंद असतो, तेवढ्यात बोट चुळबुळ करतं, आधीच तारेवर जाऊन बसतं, तिचा नाद मारतं. अंगठ्याचा पंचम मोठा, अनामिकेचा धैवत मुका, हे त्या लयीत कुणालाही ऐकू येईल. जलद वाजवताना माणूस वेगाच्या मागे लपू शकतो, विलंबितात लपायला जागा नाही. गाणं शिकलेल्यांना हे पहिल्या वर्षीच कळत असेल. मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, वडिलांच्या उजव्या हाताशेजारी बसून कळलं.

नातेवाइकांचे फोन येतात. "किती टक्के सुधारणा आहे?" सगळ्यांना टक्के हवे असतात. आमच्या स्टँडअप मीटिंगमध्येही तेच विचारतात, त्यामुळे मला राग येत नाही. फिजिओथेरपिस्ट मात्र टक्के सांगत नाहीत. ते म्हणतात, वेग बघू नका, अंगठा खांदा न उचलता एकटा हलतो का ते बघा. तेव्हापासून माझ्या सरावाचीही मी हीच कसोटी धरली आहे. अंगठा वाजवताना मनगट हललं, खांदा आखडला, की थांबायचं, हात झटकायचा, परत सुरू.

जूनमधली एक संध्याकाळ. मी मोकळ्या तारांवर पी-आय-एम-ए घोळवत होते आणि बाबा एकदम म्हणाले, "हा तर भूप झाला की. रिषभ कुठाय?"

मी वाजवायची थांबले. प, सा, ग, ध. भूपाचे पाचातले चार स्वर त्या मोकळ्या तारांमध्ये आयते बसलेले आहेत! फक्त रे हवा, तो सी च्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला मिळतो. मध्यम आणि निषाद भूपाला नकोच असतात. पाच महिने मी ज्याला 'सराव' म्हणत होते त्यात बाबांना राग ऐकू येत होता. ते काही गवई नाहीत. पण मिरजेत वाढलेला माणूस, सतारी-तंबोऱ्यांच्या दुकानांपुढून शाळेत गेलेला. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी फोन करून मला सांगितलं होतं.) तारांच्या उलट्या क्रमाचंही त्यांना काही वाटलं नाही. "तंबोऱ्याचा खर्जही शेवटीच असतो," म्हणाले.

मग मी शोधत गेले तेव्हा कळलं की या उंच पहिल्या तारेचा खास उपयोग करणारी एक शैलीच आहे. तिचं नाव कॅम्पानेला, इटालियनमध्ये 'छोटी घंटा'. लागोपाठचे स्वर एकाच तारेवर न वाजवता वेगवेगळ्या तारांवर वाजवायचे, म्हणजे आधीचा स्वर विझायच्या आत पुढचा त्यात मिसळतो. सतराव्या शतकातले स्पॅनिश गिटारवादक गास्पार सान्झ हे करत, कारण तेव्हाच्या गिटारच्या ताराही अशाच उलटसुलट लावलेल्या असायच्या. युकुलेलेवर जॉन किंग (१९५३-२००९) यांनी याच पद्धतीने बाख वाजवला. जमलं तर जरूर ऐका, इतक्याशा वाद्यातून देवळातल्या घंटांसारखा नाद येतो.

घरी करून बघायचं असेल तर भूपाचा हा तुकडा घ्या. प ई च्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, ध जी च्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, वरचा सा ए च्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. डाव्या हाताची तीन बोटं तीन तारांवर ठेवूनच द्या, उचलू नका. उजव्या हाताने मध्यमा, अंगठा, अनामिका. तीनही स्वर एकमेकांत वाजत राहतात. यातला मधला ध अंगठ्याचा आहे, तो हळू वाजला पाहिजे. मेट्रोनोम ४० वर. रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोज हवीत. नखं फार वाढवू नका, बोटाचं मांस आणि नखाची कड दोन्ही लागली की नायलॉनच्या तारेतून गोल आवाज येतो.

सध्याची परिस्थिती अशी, की माझा भूप ५६ वर जातो. बाबांचा अंगठा ४८ वर अनामिकेला दरवेळी लागतो, करंगळीला दहातून सहा वेळा. रविवारी दुपारी ते जुन्या डायरीत सही गिरवतात. नावाचं पहिलं अक्षर ओळखू येतं, आडनाव अजून उतरणीला लागलेल्या गाडीसारखं खाली जातं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचंय. चेहऱ्यावरूनही दाखला देता येतो हे मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. "दाखला कसाही देऊ, पण जायचं," म्हणाले. सोबत स्वतःचं पेन नेणार आहेत.

माझ्या तारा जुन्या झाल्यात, नवा सेट मागवलाय. पुढच्या शनिवारी बदलेन. नवीन तारा आठवडाभर उतरत राहतात, सारख्या लावाव्या लागतात, तेव्हा पुढचे काही दिवस शेजाऱ्यांनी सांभाळून घ्यावं ही विनंती.