नाक उघडलं, पंप सुरूच

१२ नोव्हेंबर
दुर्बीण नाकात गेली आणि पडद्यावर माझेच पॉलिप दिसले. सोललेल्या द्राक्षांसारखे, फिकट, ओलसर, वाट अडवून बसलेले. डॉक्टर म्हणाले, "ताई, नाकापासून फुप्फुसापर्यंत रस्ता एकच. वर सूज असली की खाली दमा चिघळतो." इतकी वर्षं नाकाची फाइल वेगळी आणि दम्याची वेगळी राहिली, याचा फार राग आला.

१८ नोव्हेंबर
पॉलिपचं ऑपरेशन ठरलंय, पण छातीत घरघर असेल तर भूल देणार नाहीत. म्हणून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. पॉलिपही आकसतात, श्वासनलिकाही शांत राहतात. आज फोडणीतल्या हिंगाचा वास आला! किती दिवसांनी! गोळ्या थांबल्या की बहुधा जाईल, तरी मी ओट्यापाशी उगाच उभी राहिले.

केसपेपरवर लाल अक्षरांत लिहिलंय: ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. पॉलिप, दमा आणि या गोळ्यांचं वावडं, हे त्रिकूट फ्रान्समध्ये विदाल या डॉक्टरांनी १९२२ सालीच नोंदवलं होतं. तरी दाढदुखीला गोळी देताना मला दम्याबद्दल कुणी विचारत नाही. मीच आधी सांगते.

२० नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. नाकात पॅक, श्वास तोंडाने. हवा गरम, ओलसर करून खाली सोडायचं काम नाक करतं. ते बंद पडल्यावर कोरडी हवा थेट छातीत. रात्री नेब्युलायझर लावावा लागला. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल.

२९ नोव्हेंबर
उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-सोड्याची पुडी टाकून सकाळ-संध्याकाळ नाक धुते. काळपट खपल्या पडतात. उरलेल्या डॉक्टरांनी काढल्या, तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या.

६ जानेवारी
नाशिकची थंडी ऐन भरात, पण पहाटे खोकून उठणं थांबलंय. रात्री तोंड मिटून झोपते. धाप लागल्यावर घ्यायचा पंप पर्समध्ये तसाच पडून आहे. पीक फ्लो मात्र २९० वरून जेमतेम ३१०. छातीचे डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांचं असंच होतं: अटॅक आणि रात्रीचा त्रास कमी होतो, फुंकून मोजलेला आकडा फारसा हलत नाही. मला आकड्यापेक्षा झोप मोलाची वाटते.

सासूबाई म्हणाल्या, "आता तो रोजचा पंप बंद कर की." म्हटलं, "आई, अडथळा काढलाय. सूज आणणारा आजार अंगातच आहे." ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांचं वावडं असलेल्यांत पॉलिप पुन्हा उगवण्याची शक्यता जास्त, नाकातला स्टेरॉइडचा स्प्रेही सुटणार नाही.

२ फेब्रुवारी
शाळेतल्या बाईंनी विचारलं, "माझ्या दम्यासाठी करू का हे ऑपरेशन?" नाक बंद राहतं का, वास येतो का, विचारलं. नाकाची काहीच तक्रार नाही. मग नुसत्या दम्यासाठी नाकाला हात लावू नका, म्हटलं. आधी पंप नीट ओढता येतोय का, ते दाखवून घ्या. मधल्या सुट्टीत त्यांना स्पेसर लावून पंप कसा घ्यायचा ते करून दाखवलं.