महाड बंदर होतं, हे आपण विसरलोय

शाळेत कोकणातली बंदरं पाठ केली तेव्हा चौल, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग एवढी नावं आली. महाड त्यात कधी आलं नाही. समुद्र पन्नासेक किलोमीटर लांब, मग बंदर कसलं! पण बाणकोटच्या खाडीतून भरतीचं पाणी आपल्या दारापर्यंत चढतं, आणि एकेकाळी त्याच पाण्यावर गलबतं यायची.

गेल्या आठवड्यात मुद्दाम गंधारपाले आणि दासगाव फिरून आलो. हायवेवरून जाताना लेणी आपण सगळेच बघतो, वर किती जण चढतो? तीसेक लेणी आहेत. एका शिलालेखात कानभोज विष्णुपालित या राजकुमाराचं नाव आहे. डोंगर पोखरायला पैसा लागतो, आणि पैसा असतो व्यापाऱ्यांच्या वाटेवर. वर वरंध घाट, पोलादपूरकडून महाबळेश्वरला चढणाऱ्या वाटा, खाली खाडी. मीठ, सुकी मासळी, नारळ बैलांवर लादून देशावर जायचं ते इथूनच. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात 'पालैपत्मै' नावाचं बंदर येतं. काही अभ्यासक ते आपलं पाले मानतात. ते बाजूला ठेवलं तरी इंग्रजांना या खाडीची किंमत बरोबर कळली होती. १७५६ च्या तहात पेशव्यांना विजयदुर्ग देऊन त्यांनी बाणकोट आणि आसपासची गावं घेतली. त्यात आपलं दासगावही होतं.

आता दासगावबद्दल. मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते इथल्या एका प्रवासाने.

डिसेंबर १९२७. मार्चमधला चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन गेलेला, आता दुसरी परिषद. मुंबईहून यायचा सोपा रस्ता धरमतरवरून, पुढे मोटारीने. पण मोटारवाले सत्याग्रहींना गाडीत घेणार नाहीत अशी भीती होती. म्हणून बाबासाहेब दोनशेच्या वर माणसं घेऊन २४ तारखेला 'पद्मावती' बोटीने निघाले. संध्याकाळी हरिहरेश्वर. तिथे रात्र काढून दुसऱ्या दिवशी 'अंबा' बोटीने खाडीतून वर, दुपारी दासगाव. धक्क्यावर हजारोंची गर्दी. तिथून सगळे पाच मैल चालत महाडला आले आणि त्याच रात्री मनुस्मृतीचं दहन झालं.

म्हणजे रस्ता अडेल असं वाटलं तेव्हा नदीने वाट दिली. क्रांतिदिनाला चवदार तळ्यावर किती माणसं येतात बघा. त्यातल्या किती जणांना आपण दासगावचा धक्का दाखवतो? हायवेला साधा फलक लावायला असा किती खर्च येतो? नगरपालिका, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, कुणीही लावा, श्रेय घ्या, आमची हरकत नाही.

बंदर मेलं ते रस्त्यामुळे आणि गाळामुळे. डोंगर उघडे पडत गेले, माती खाली आली, पात्र उथळ झालं. नदी मात्र जुनी वाट विसरली नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा पूल गेला, तेव्हा काही मृतदेह थेट समुद्रकिनाऱ्यावर सापडले. २०२१ च्या २२ जुलैला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. सावित्री तिथलीच. तळियेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली, पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गाडली गेली. आणि महाडात पाणी पहिल्या मजल्याला. वरून लोंढा आणि खालून भरती एकाच वेळी आली की पाणी जाणार कुठे?

त्यानंतर गाळ काढायचं काम सुरू झालं, ते चांगलंच झालं. पण आपल्याकडे गाळाची आठवण मे महिन्यात येते आणि गणपतीनंतर जाते. जिथे गलबत तरंगायचं तिथे आता किती पाणी आहे, हे दरवर्षी मोजून आकडे चौकात लावावेत. पूररेषेच्या नकाशापेक्षा लोकांना ते लवकर समजेल.

आणि एक काम तुमच्यासाठी. तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा दासगावहून बोटीने मुंबईला गेलेले असतील, जुनं तिकीट, फोटो, नुसती आठवण असेल, तर कळवा. मी वही घेऊन येतो. चहा मात्र तुमच्याकडे.