टेकूवरची रायफल

स्मरणिकेसाठी शाळेच्या इतिहासावर लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. इतिहास हा आमचा विषय, तेव्हा आग्रह रास्तच. परंतु स्थापना, इमारती, निकाल आणि देणगीदार यांच्याविषयी अन्य मान्यवर लिहीत आहेत. आम्ही लिहितो आहोत ते वसतिगृहामागच्या पत्र्याच्या शेडविषयी. संविधान दिनाच्या आठवड्यातील रविवारी तेथे आपल्या नेमबाजी मंडळाची टेकूवरील एअर रायफल स्पर्धा भरते. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील मुले तीत उतरतात. याच शेडमध्ये आमच्या हातून एका मुलीवर अन्याय झाला होता आणि तो आजवर कोठेही लिहिला गेलेला नाही.

२०१० साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरल्या. त्या बातमीचे कात्रण मुलींनी वसतिगृहाच्या फळ्यावर कितीतरी दिवस जपले होते. मंडळाची कल्पना तेथूनच निघाली. मात्र उभ्याने नेमबाजी करायची तर जाड कॅनव्हासचे जाकीट हवे, विजार हवी, बूट हवेत. आणि स्पर्धेची परदेशी रायफल काही लाखांच्या घरात जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांपुढे हा विषय काढायचा कसा? म्हणून आम्ही टेकूवरची पद्धत पत्करली. बाकावर बसायचे, रायफलीचा पुढचा भाग एका पिशवीवर ठेवायचा, दस्त्याखाली दुसरी छोटी पिशवी सारायची आणि ती मुठीने आवळून अथवा सैल सोडून माशी वरखाली करायची. या पद्धतीत जाकिटाचे काम उरत नाही. पोलिओने एक पाय अधू झालेला मुलगाही बाकावर इतरांच्या बरोबरीने बसतो.

पिशव्या आम्ही जुन्या गणवेशांच्या कापडाच्या शिवून घेतल्या. पहिल्या वर्षी त्यांत ज्वारी भरली आणि महिन्याभरात उंदरांनी मंडळाचे निम्मे साहित्य खाऊन टाकले. मग वाळू आली. वाळू ठासून भरली तर आणखी एक अडचण उभी राहते. स्प्रिंगची रायफल चाप ओढताच, छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच दचकते. टेकू दगडासारखा कठीण असेल तर ती उडी मारते आणि छर्रा वर जातो. त्यामुळे पिशवी किंचित सैल हवी आणि रायफल घट्ट न आवळता नुसती विसावू द्यावी लागते. हे शिकायला मुलांना आठवडा पुरतो. आम्हाला वर्ष लागले.

अंतर १० मीटर, छर्रा .१७७ चा. कार्ड मात्र पिस्तुलाचे वापरतो. रायफलीच्या कार्डावरील दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, तर पिस्तुलाच्या कार्डावरील दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे. आमच्या साध्या रायफलींना तेच न्याय्य. प्रत्येकाला बाटलीच्या झाकणात मोजून दहा छर्रे मिळतात. लाल झेंडा वर असताना रायफलीला कोणी स्पर्श करायचा नाही, आणि छर्रे शिशाचे असल्याने साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या पंक्तीला बसायचे नाही.

पहिल्याच वर्षी पालकसभेत एका वयोवृद्ध उपासकांनी विचारले, “गुरुजी, रोज पंचशील म्हणणाऱ्या लेकरांच्या हातात बंदूक कशाला?” आम्ही इतिहास सांगू लागलो. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. महायुद्धाची निकड भासताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. सुभेदार रामजी आंबेडकर निवृत्तीनंतर याच साताऱ्यात राहिले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या भिवाचे नाव येथील सरकारी शाळेत दाखल झाले. हातातले शस्त्र हिरावले गेल्याची सल ज्या घरांत होती, त्यांपैकीच ते एक घर. शेवटी आम्ही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाचा आधार घेतला: जीव घेण्याची इच्छा आणि जीव घेण्याची गरज यांत बाबासाहेबांनी तेथे भेद केला आहे.

उपासक शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे. पण कागदावर छर्रा मारायची गरज कसली?”

आम्हाला उत्तर सुचले नाही. आजही आमच्यापाशी त्याचे पुरते उत्तर नाही. एवढेच पाहिले आहे की, सकाळच्या आनापानात चुळबुळ करणारी मुले शेडमध्ये अर्धा श्वास सोडून थांबतात, चाप ओढतात आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर हलत नाहीत. उपासक पुढे दरवर्षी स्पर्धेला येत राहिले. रायफलीला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही.

आता त्या रविवारविषयी. शेवटच्या फेरीत सहाव्या बाकावर माण तालुक्यातील एक मुलगा होता आणि सातव्यावर जत तालुक्यातील नववीची मुलगी. मुलीच्या कार्डावर अकरा छिद्रे आढळली. शेजारचा छर्रा कधीकधी चुकून आपल्या कार्डावर येतो. तो कोणाचा हे सिद्ध झाले नाही, तर सर्वाधिक गुणांचे छिद्र रद्द करायचे, असा नियम. मुलगी टेबलापाशी आली. “सर, माझ्या दहाच सुटल्या. झाकण रिकामं आहे बघा,” असे म्हणून तिने झाकण पुढे केले. प्रमुख पाहुणे व्यासपीठावर बसले होते, ध्वनिक्षेपक सुरू होता. आम्ही तिला बाजूला व्हायला सांगितले आणि १०१ मधून १० वजा करून ९१ लिहिले. मुलाचे कार्ड त्याआधीच तपासून झाले होते. त्यावर नऊच छिद्रे होती, बेरीज ८३. दोन छर्रे एकाच छिद्रातून गेले असावेत, असे समजून आम्ही त्याला दहाव्या छर्‍याचे १० दिले. एकूण ९३. चषक त्याला मिळाला, मुलीला दुसरे प्रमाणपत्र.

रात्री नोंदवही भरताना दोन्ही कार्डे बाकांच्या क्रमाने शेजारीशेजारी आली: नऊ आणि अकरा. मुलाचे कार्ड दिव्यासमोर धरले, प्रत्येक छिद्रात मापक घालून पाहिले. छिद्रे साफ गोल होती, दुहेरी एकही नव्हते. मुलीच्या कार्डावर सात गुणांचे एक छिद्र सर्वांपासून दूर, डाव्या अंगाला, म्हणजे सहाव्या बाकाच्या बाजूला होते. खरा हिशेब असा: मुलीचे ९४, मुलाचे ८३. ज्याला तिसरा ठरवले तो ९० गुणांनी दुसरा. पुराव्याचे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आणि स्वतःच्या टेबलावर विसरलो.

सोमवारी वंदनेनंतर आम्ही सर्वांसमोर चूक सांगितली. मुलाला खरोखरच कल्पना नव्हती. दुर्बिणीशिवाय आपला छर्रा कोठे लागला, हे त्या अंतरावरून नेमके दिसत नाही. तो एवढेच म्हणाला, “सर, चषक गावाला गेलाय.” मुलीच्या आईला आम्ही दूरध्वनी केला. रविवारी संध्याकाळीच ती एसटीने जतला परतली होती. ती म्हणाली, “तिनं मला गाडीत बसवताना सांगितलंच होतं, माझ्या दहाच सुटल्या म्हणून. मी म्हटलं, सर म्हणतात तर असंल.” हे वाक्य आम्हाला फार लागले. आपल्या घरांतून शिक्षकाच्या शब्दाला एवढे मोल दिले जाते, आणि तिच्या मुलीचा मोजून दिलेला हिशेब ऐकायला आमच्यापाशी दोन मिनिटे नव्हती.

पुढच्या रविवारी मुलाचे वडील चषक घेऊन आले. चषक टेबलावर ठेवून म्हणाले, “सर, अख्ख्या वस्तीनं पेढे खाल्लेत. आता मी कुणाकुणाला सांगू?” आम्ही त्यांच्यासोबत गावी गेलो. समाजमंदिरात माणसे जमल्यावर चूक आमची आहे, मुलाची नाही, हे सांगितले. कोणी काही बोलले नाही. एका आजीने चहा आणून दिला. मुलगा पुढच्या वर्षी स्पर्धेत उतरला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी उतरला.

आता कार्डे बाकांच्या क्रमाने, दोरीला चिमटे लावून टांगली जातात. प्रत्येक कार्डामागे दुसरा कोरा कागद असतो. तिरका आलेला छर्रा दोन कागदांवर वेगवेगळ्या जागी उमटतो आणि कोणत्या बाकावरून आला ते कळते. गुण जाहीर झाल्यावर हरकतीसाठी वीस मिनिटे राखीव असतात, आणि ती संपेपर्यंत बक्षीस दिले जात नाही.

जतची ती मुलगी सध्या सांगलीत पदवीचे शिक्षण घेत आहे. स्पर्धेच्या आदल्या रात्री ती येते आणि गुणतपासणीचे टेबल सांभाळते. गेल्या वर्षी प्रमुख पाहुण्यांना परतायची घाई होती. बक्षिसे आधी उरकून घ्यावीत, असा निरोप घेऊन आम्हीच टेबलापाशी गेलो. तिने मान वर न करता घड्याळाकडे बोट दाखवले आणि म्हणाली, “सर, अजून बारा मिनिटं आहेत.”

आम्ही परत जाऊन पाहुण्यांसाठी आणखी एक चहा मागवला.