मेरीलँडचा पहिला मार्शल

फ्रीहोल्ड, न्यू जर्सी

नथॅनिएल रॅमसेचा जन्म १७४१ चा, पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातला. १७६७ मध्ये प्रिन्स्टनचे कॉलेज संपवून त्याने मेरीलँडच्या सेसिल परगण्यात वकिली मांडली. इतिहासकार डेव्हिड रॅमसे त्याचा सख्खा भाऊ, चित्रकार चार्ल्स विल्सन पील मेहुणा. १७७६ मध्ये वकिली सोडून तो अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या पलटणीत कॅप्टन झाला.

मॉनमथची लढाई इथल्याच शेतांत २८ जून १७७८ रोजी झाली. ऊन असे होते की गोळी न लागताही माणसे कोसळत होती. जनरल लीची अमेरिकी फौज मागे हटत असताना सरसेनापती वॉशिंग्टनने रॅमसे आणि वॉल्टर स्ट्युअर्ट यांना रानाच्या कडेला इंग्रजांना थोपवायला सांगितले. मागची फळी उभी राहीपर्यंत त्यांनी थोपवलेही. रॅमसे मात्र घोडेस्वारांशी हातघाईवर येऊन जखमी झाला आणि कैदेत पडला. सुटायला १७८० उजाडले.

बाल्टिमोर, मेरीलँड

१७८६-८७ मध्ये रॅमसे तेव्हाच्या अमेरिकी काँग्रेसमध्ये बसला. त्या काँग्रेसला कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. नव्या राज्यघटनेनंतर, १७८९ च्या कायद्याने प्रत्येक न्यायजिल्ह्याला मार्शल मिळाला. मेरीलँडचे पहिले मार्शलपद आता राष्ट्राध्यक्ष झालेल्या वॉशिंग्टनने रॅमसेला दिले. सिनेमातला पिस्तुलवाला मार्शल पुष्कळ पुढचा. रॅमसेचे काम म्हणजे समन्स बजावणे, वॉरंटावर धरपकड करणे, कोर्टाचा खर्च भागवणे. आपल्याकडचा बेलिफ आणि नाझर एकाच अंगरख्यात.

१७९० ची पहिली जनगणनाही मार्शलांच्याच गळ्यात पडली. २ ऑगस्टपासून त्यांचे मदतनीस दारोदार फिरू लागले. खेड्यापाड्यांत मजुरी दीडशे माणसांमागे एक डॉलर. मेरीलँडची गणती भरली ३,१९,७२८. त्यांपैकी १,०३,०३६ गुलाम, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे लिहायचे, बायकामुलांचे नुसते आकडे. गुलामांचा रकाना शेवटचा, मालकाच्या नावापुढे. स्वातंत्र्यासाठी कैद भोगलेल्या माणसाच्या देखरेखीखाली ही वही भरली गेली.

१७९४ मध्ये त्याला बाल्टिमोर बंदराचा ‘नेव्हल ऑफिसर’ नेमले. नावात आरमार असले तरी जागा जकात खात्याची. मार्शलपद पुढे सुटले. बंदरावरची नोकरी २३ ऑक्टोबर १८१७ रोजी याच शहरात मृत्यू येईपर्यंत टिकली.